एडिसनमधल्या घरी आलेलं समन्स : अमेरिकेतल्या कंपनीसाठी रजिस्टर्ड एजंट नेमण्याचं एक प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीत दोन भावांचा कारखाना आहे. मसाला, चहा पावडर, डिटर्जंट यांसाठी लागणारी पाऊच पॅकिंग मशीन ते बनवतात. आखाती देशांत आणि पूर्व आफ्रिकेत त्यांची मशीन बरीच वर्षं जात होती. पुढे अमेरिकेत भारतीय किराणा माल पॅक करणाऱ्यांकडून ऑर्डरी येऊ लागल्या आणि त्या गिऱ्हाइकांनी धोशाच लावला, की बिल अमेरिकन कंपनीचं द्या, स्पेअर इथेच ठेवा आणि दुरुस्तीला माणूसही इथलाच पाठवा. मागणी रास्त होती. सीलिंग जॉचा, म्हणजे पाऊच चिकटवणाऱ्या भागाचा, हीटर गेला आणि पुण्याहून पार्सल येईपर्यंत लाइन बंद राहिली, तर ते कोणालाच परवडत नाही.

म्हणून त्यांनी डेलावेअर राज्यात कॉर्पोरेशन काढली. एका ऑनलाइन सेवेमार्फत काम झालं. पहिल्या वर्षाचा रजिस्टर्ड एजंट त्या पॅकेजमध्येच होता. स्पेअरचा साठा मात्र न्यू जर्सी राज्यात, एडिसन गावाजवळ एका वेअरहाउसवाल्याकडे भाड्याच्या रॅकवर ठेवला आणि एक सर्व्हिस टेक्निशियन पगारावर घेतला.

रजिस्टर्ड एजंट म्हणजे कंपनीच्या वतीने समन्स, नोटिसा आणि सरकारी पत्रं स्वीकारायला नेमलेली व्यक्ती किंवा संस्था. तिचा त्या राज्यात खराखुरा रस्त्यावरचा पत्ता असावा लागतो, पोस्ट बॉक्स चालत नाही, आणि कामाच्या वेळेत तिथे कोणीतरी हजर असावं लागतं. ही कल्पना आपल्याला अगदी नवी नाही. भारतात जागा थाटणाऱ्या परदेशी कंपनीला कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ३८० प्रमाणे ३० दिवसांत भारतात राहणाऱ्या अशा व्यक्तीचं नाव आणि पत्ता द्यावाच लागतो. अमेरिकेत मात्र हे राज्याराज्याचं आहे. डेलावेअरचा एजंट डेलावेअरपुरता. दुसऱ्या राज्यात धंदा मांडला, की तिथे बाहेरची कंपनी म्हणून नोंदणी करायची आणि तिथला एजंट वेगळा नेमायचा.

आम्ही पुण्यात कंपनी सेक्रेटरीचं काम करतो. या प्रकरणात आम्हाला बोलावलं गेलं ते समन्स हुकल्यानंतर. त्याआधीचा घटनाक्रम दोन्ही भावांशी आणि त्यांच्या नातेवाइकांशी बोलून, कागद चाळून मांडला आहे.

न्यू जर्सीतली नेमणूक

नोंदणी करावी की नाही, हाच पहिला प्रश्न होता. राज्यात साठा आहे आणि पगारी माणूस आहे, म्हणजे धंदा मांडलेला आहे. नोंदणी नसलेल्या बाहेरच्या कंपनीला न्यू जर्सीच्या न्यायालयात स्वतःची थकबाकी वसूल करायला दावाही लावता येत नाही. हे कळल्यावर थोरल्या भावांनी लगेच होकार दिला, कारण दोन गिऱ्हाइकांकडे पैसे अडकलेले होते. हा निर्णय बरोबरच होता.

खरी चर्चा झाली ती एजंट कोण, यावर. चार नावं पुढे आली.

सर्व्हिस टेक्निशियन हे पहिलं. पण तो आठवड्यातले बरेच दिवस गाडीवर असतो आणि घरी बायकोही नोकरीला. वेअरहाउसवाल्याने परस्पर नकार दिला, दुसऱ्यांची कोर्टाची कागदपत्रं सांभाळणं त्याला नको होतं. तिसरा पर्याय व्यावसायिक एजंट कंपनीचा. वर्षाला साधारण १०० ते ३०० डॉलर घेऊन हेच काम करणाऱ्या संस्था प्रत्येक राज्यात आहेत. आणि चौथं नाव धाकट्या भावांच्या मेहुण्यांचं, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या भावाचं. ते एडिसनमध्ये स्वतःच्या घरात राहतात आणि आयटीत नोकरी करतात. विचारल्याबरोबर हो म्हणाले.

"घरचा माणूस असताना बाहेरच्याला पैसे कशाला द्यायचे?" असं धाकटे म्हणाले आणि विषय संपला. कायद्याने यात काहीच अडचण नव्हती. राज्यात पत्ता असलेली सज्ञान व्यक्ती एजंट होऊ शकते. मेहुणे घरूनच काम करत, त्यामुळे त्या वेळी तरी घरी कोणी ना कोणी असायचंच. फॉर्मवर त्यांचं नाव आणि घराचा पत्ता गेला.

तीन गोष्टी कोणी बोललंच नाही. एक, एजंटचं नाव आणि पत्ता राज्याच्या नोंदीत सगळ्यांना दिसतो. दोन, कागद आल्यावर तो कोणाला, कशाने आणि किती वेळात कळवायचा. आणि तीन, मेहुणे घरी नसतील तेव्हा काय. त्यांनी सही केली ती नात्याखातर, आपण नेमकं काय पत्करलं आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षात मेहुण्यांच्या घरी कंपनीच्या नावाने भरपूर टपाल आलं. त्यात कामाचं फार थोडं. नव्याने नोंदलेल्या कंपन्यांना सरकारी फॉर्मसारखी दिसणारी पत्रं पाठवून प्रमाणपत्रं किंवा कायद्याचे पोस्टर विकणारे लोक अमेरिकेत बरेच आहेत. दोन-तीन वेळा अशी पत्रं मेहुण्यांनी फोटो काढून पुण्याला पाठवली आणि "हे फेकून द्या" असं उत्तर आलं. पुढे त्यांनी फोटो पाठवणंच सोडलं. आमच्या मते घसरण इथून सुरू झाली, समन्स येण्याच्या कितीतरी आधी.

समन्स

एका मसाला पॅकरला दिलेल्या मशीनवरून वाद पेटला होता. पाऊच गळतात, माल परत येतो, अशी त्याची तक्रार. टेक्निशियनने जाऊन पाहिलं तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या लॅमिनेटऐवजी (पाऊच ज्या फिल्मचं बनतं ती) स्वस्तातलं पातळ लॅमिनेट रोलवर चढवलेलं होतं, आणि त्या तापमानाला ते सील धरत नव्हतं. त्याने सील तुटलेल्या पाऊचचे फोटो आणि लॅमिनेटचा तुकडा पुण्याला पाठवला. गिऱ्हाइकाला ते पटलं नाही. मशीनच्या किमतीच्या दुपटीहून जास्त भरपाई मागत त्याने मिडलसेक्स काउंटीच्या सुपिरियर कोर्टात दावा लावला.

आपल्याकडे समन्स घेऊन कोर्टाचा बेलिफ येतो. तिकडे बहुधा वादीच्या वकिलाने नेमलेला खासगी प्रोसेस सर्व्हर येतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो एडिसनच्या घरी आला. मेहुण्यांना तोवर आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागत होतं. घरी त्यांचे वडील आण्णा होते, म्हणजे धाकट्यांचे सासरे, साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आलेले. सर्व्हरने कंपनीचं नाव विचारलं. आण्णांनी ते ओळखलं, कारण ते जावयाच्या कंपनीचं होतं. त्यांनी पाकीट घेतलं, नाव सांगितलं आणि घरातले सगळे महत्त्वाचे कागद जिथे जातात तिथे, देव्हाऱ्याखालच्या खणात, ते नीट ठेवलं. रात्री मुलाला सांगितलंही, "जावईबापूंच्या कंपनीचं काहीतरी आलंय." मुलाला वाटलं, नेहमीचंच. चार दिवसांनी सगळं घर लग्नासाठी भारतात आलं ते थेट जानेवारीच्या अखेरीस परत गेलं. त्या लग्नात धाकटे आणि मेहुणे दोन दिवस एकाच मांडवात होते.

न्यू जर्सीच्या राज्य न्यायालयात समन्स बजावल्यापासून कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला ३५ दिवस मिळतात. फेडरल कोर्टात २१. ही मुदत घर बंद असतानाच संपली. फेब्रुवारीत वादीच्या वकिलाने प्रतिवादी हजर नाही म्हणून डिफॉल्टची नोंद करून घेतली. त्या अर्जाची एक प्रत त्याने वेअरहाउसच्या पत्त्यावरही पाठवली होती. तिथल्या कारकुनाने फोटो काढून टेक्निशियनला व्हॉट्सॲप केला, टेक्निशियनने भोसरीला. दावा लागल्याची पहिली बातमी कारखान्यात अशी पोचली. हे पत्र वेअरहाउसला गेलं नसतं तर पुढचा कागद थेट निकालाचाच आला असता.

समोर असलेले पर्याय

थोरल्यांचा पहिला विचार असा होता: आपण भारतातले. परदेशी दाव्याची बजावणी हेग करारानुसार (एका देशातल्या कोर्टाचे कागद दुसऱ्या देशात बजावण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) दिल्लीत विधी मंत्रालयामार्फत व्हायला हवी, एडिसनच्या घरी दिलेला कागद कसा चालेल? करार खरा आहे. भारत त्यात २००६ साली सामील झाला आणि भारतात बजावणीची वाट मंत्रालयातूनच जाते. पण दावा भोसरीच्या कंपनीवर नव्हता. तो डेलावेअरच्या कॉर्पोरेशनवर होता, आणि तिने न्यू जर्सीत स्वतः एजंट नेमला होता. अमेरिकेतल्या अमेरिकेतच बजावणी पूर्ण होत असेल तर हेग करार लागू होत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच फोक्सवॅगनच्या खटल्यात सांगितलं आहे. हा मुद्दा तासाभरात बाजूला पडला, आणि तो लगेच पडला हे बरं झालं. अशा भरवशावर बसून राहिलेल्या कंपन्यांचं फार नुकसान होतं.

दुसरी सूचना, न्यायालयाला आपणच सविस्तर पत्र लिहू. तेही चालत नाही. न्यू जर्सीत कंपनीला वकिलामार्फतच हजर व्हावं लागतं.

उरले दोन मार्ग. पहिला, बजावणीलाच आव्हान द्यायचं. आण्णा पाहुणे होते. कंपनीच्या रजिस्टर्ड ऑफिसचा ताबा त्यांच्याकडे होता असं म्हणता येईल का? तिथल्या वकिलाच्या मते मुद्दा मांडण्याजोगा होता, पण प्रोसेस सर्व्हरचा अहवाल न्यायालय सहसा खरा धरून चालतं आणि तो खोडायला भक्कम पुरावा लागतो. म्हणजे आण्णांचं प्रतिज्ञापत्र, कदाचित उलटतपासणी. आणि एवढं करून जिंकलो, तरी वादी दुसऱ्या दिवशी नव्याने समन्स बजावणार. दावा रद्द होत नाही, फक्त वेळ मिळतो.

दुसरा मार्ग, उशीर झाला हे मान्य करून डिफॉल्ट उठवून घ्यायचा. इथे वेळेचा हिशेब निर्णायक होता. नुसती डिफॉल्टची नोंद झालेली असते तोवर ती योग्य कारण दाखवून उठवता येते. एकदा निकाल झाला, की तो रद्द करून घेण्याच्या अटी पुष्कळ कडक होतात. इथे भरपाईची रक्कम ठरलेली नव्हती, ती वादीला न्यायालयापुढे सिद्ध करावी लागणार होती. त्या सुनावणीची तारीख अजून लागली नव्हती. हाच काय तो अवकाश हाती होता.

बैठकीत आम्ही दुसऱ्या मार्गाच्या बाजूने बोललो. कंपनीचा मुख्य बचाव मजबूत होता: चुकीचं लॅमिनेट, टेक्निशियनचे फोटो आणि वॉरंटी सुट्या भागांपुरतीच ठेवणारी ऑर्डरवरची अट. असा बचाव हातात असताना बजावणीच्या तांत्रिक मुद्द्यावर महिने घालवण्यात अर्थ नव्हता. थोरल्यांचं कारण वेगळं होतं. "आण्णांना यात ओढायचं नाही," एवढंच ते म्हणाले, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही.

केलेली कारवाई

न्यू जर्सीतल्या वकिलाने अर्ज लिहायच्या आधी समोरच्या वकिलाला फोन केला. तिथे ही रीत आहे आणि तिचा उपयोग झाला. समोरच्यालाही ठाऊक होतं, की मूळ बचाव दिसत असताना न्यायालय डिफॉल्ट उठवण्याचीच शक्यता जास्त. त्याने संमती दिली, अट एवढीच, की डिफॉल्टच्या अर्जाचा त्याचा खर्च कंपनीने द्यावा, बजावणीचा मुद्दा पुन्हा काढू नये आणि कैफियत तयार ठेवूनच यावं. कैफियतीचा मसुदा भोसरी आणि न्यू जर्सी यांच्यात रात्रीच्या फोनवर तयार झाला. टेक्निशियनने लॅमिनेटचा तो तुकडा जपून ठेवला होता. तोच पुढे सगळ्यात उपयोगी पडला.

त्याच आठवड्यात कंपनीच्या विमा कंपनीला लेखी कळवलं. दावा कराराचा असल्याने तिथून फारशी अपेक्षा नव्हती, पण कळवलं नाही म्हणून हक्क गेला, असं व्हायला नको होतं. पुण्यातल्या ऑडिटरलाही सांगितलं. ३१ मार्च तोंडावर होता, आणि उपकंपनीवरच्या दाव्याचा उल्लेख हिशेबांच्या टिपांत करायचा की नाही हे त्याने ठरवायचं होतं.

हे चालू असताना आम्ही डेलावेअरचेही कागद मागवले. तिथली स्थिती पाहून धडकी भरली. डेलावेअरच्या कायद्यात एक तरतूद आहे: प्रत्येक कॉर्पोरेशनने एजंटकडे एका खऱ्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि फोन संपर्कासाठी द्यायचा आणि तो अद्ययावत ठेवायचा. इथे संपर्क म्हणून नाव होतं कंपनी काढताना कामाला असलेल्या एका मॅनेजरचं, आणि तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जुन्या ईमेलवर एजंटची दुसऱ्या वर्षाच्या फीची बिलं पडून होती. शेवटचं पत्र राजीनाम्याच्या पूर्वसूचनेचं होतं. एजंटने ३० दिवस आधी कळवून राजीनामा दाखल केला आणि त्यानंतरच्या ३० दिवसांत कंपनीने नवा एजंट नेमला नाही, तर डेलावेअर त्या कंपनीची सनदच, म्हणजे तिच्या अस्तित्वाचा मूळ दस्तऐवजच, रद्द ठरवू शकतं. न्यू जर्सीत बचाव लढणारी कंपनी तिच्या मूळ राज्यात जिवंतच नाही, असा प्रसंग थोडक्यात टळला.

त्याच इनबॉक्समध्ये फ्रँचाइझ टॅक्सची, म्हणजे डेलावेअरमध्ये नोंदलेल्या कंपनीवरच्या वार्षिक कराची, नोटीस होती, ८५,१६५ डॉलरची. ती उघडून त्या मॅनेजरने बनावट समजून सोडून दिली असावी. नोटीस खरी होती. कंपनी काढताना १ कोटी शेअर अधिकृत (म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त काढता येतील इतके) ठेवले होते, आणि शेअरच्या संख्येवरून कर काढण्याच्या पद्धतीने तेवढाच आकडा येतो. मालमत्तेवर आधारलेली दुसरी पद्धत निवडता येते, तिच्यात किमान कर ४०० डॉलर आहे आणि या कंपनीचा कर त्याच्याच आसपास निघाला. पण वार्षिक अहवाल आणि कर १ मार्चच्या आत भरायचा असतो, नाहीतर २०० डॉलर दंड आणि महिन्याला दीड टक्का व्याज. भरणा शेवटच्या दोन दिवसांत झाला.

एजंटही बदलले. दोन्ही राज्यांसाठी एकच व्यावसायिक संस्था घेतली. न्यू जर्सीत एजंट बदलण्याची सरकारी फी २५ डॉलर आहे आणि काम ऑनलाइन होतं. निवडताना किमतीपेक्षा तीन प्रश्न विचारले: कागद आला त्याच दिवशी स्कॅन करता का, एकापेक्षा जास्त लोकांना कळवता का, आणि समन्स असेल तर ईमेलवर न थांबता फोन करता का. एका स्वस्त संस्थेने शेवटच्या प्रश्नाला नाही म्हटलं, तिला सोडलं.

निष्पत्ती

डिफॉल्ट सहमतीने उठला. काही महिन्यांनी मध्यस्थीत तडजोड झाली: कंपनीने सीलिंग युनिट बदलून दिलं, गिऱ्हाइकाने दावा मागे घेतला आणि दोघांनी आपापला खर्च सोसला. तो गिऱ्हाईक आजही स्पेअर घेतो. वकिलाची फी आणि समोरच्याचा खर्च मिळून गेलेली रक्कम व्यावसायिक एजंटच्या कित्येक वर्षांच्या फीइतकी भरली, आणि त्यातला मोठा भाग दावा लढण्यावर न जाता फक्त कोर्टाच्या दारात परत येण्यावर गेला.

नात्यावर ओरखडा उमटला. मेहुण्यांना फार अपराधी वाटलं आणि आण्णा तर कित्येक दिवस जावयाशी फोनवर बोलायला कचरत होते. आम्हाला यात त्यांचा दोष दिसत नाही. आण्णांनी पाकीट नीट ठेवलं होतं आणि सांगितलंही होतं. ज्या माणसाला काम समजावून दिलेलं नाही त्याच्याकडून ते चोख होईल असं धरून चालणं, ही चूक नेमणाऱ्यांची होती. धाकट्यांनी ते आण्णांना स्वतः फोन करून सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

नातेवाइकाला एजंट नेमणं सरसकट चूक आहे, असं आम्ही म्हणणार नाही. एका राज्यापुरता छोटा धंदा आहे, तो माणूस दिवसा घरी असतो आणि कामाचं स्वरूप त्याला माहीत आहे, तर चालतं. पण मग त्याच्याशी लेखी ठरवायला हवं: हाती दिलेलं कोणतंही पाकीट त्याच दिवशी उघडायचं, फोटो दोघांना पाठवायचा, उत्तर येईपर्यंत फोन करायचा. गावाला जाणार असाल तर आधी सांगायचं, म्हणजे तेवढ्यापुरता नव्हे, कायमचाच एजंट बदलता येईल. आणि मुख्य म्हणजे पुण्याहून "फेकून द्या" एवढंच उत्तर जाता कामा नये. टपालाने आलेलं जाहिरातीचं पत्र आणि माणसाने दारात येऊन हाती दिलेला कागद यांतला फरक पहिल्याच दिवशी सांगितला असता, तर त्या रात्री खण उघडला गेला असता.

एजंटच्या दारापर्यंतची वाट सगळे तपासतात. तिथून निर्णय घेणाऱ्यापर्यंतची वाट या प्रकरणात दोन्ही राज्यांत तुटलेली होती, एका ठिकाणी नातेवाईक होता तरी आणि दुसऱ्या ठिकाणी व्यावसायिक संस्था होती तरी. आता संपर्क म्हणून थोरल्यांचं नाव आहे आणि सूचना एका सामायिक ईमेलवर येतात. तो ईमेल अकाउंट्सचा विभाग रोज बघतो. कोणी नोकरी सोडली की त्याच्या कामांच्या यादीत एजंटकडची नोंद बदलणं ही एक ओळ आहे. दर जानेवारीत दोन्ही राज्यांच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या कंपनीची नोंद आम्ही उघडून पाहतो.

एक निर्णय अजून लांबणीवर आहे. पेनसिल्व्हेनियात तीन नवे गिऱ्हाईक मिळाले आणि तिथे स्पेअरचा छोटा डेपो टाकावा असं धाकट्यांच्या मनात आहे. डेपो टाकला की तिथे नोंदणी आली, एजंट आला. पण पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात नोंदणी म्हणजे तिथल्या न्यायालयांच्या अधिकाराला संमती मानली जाते, मग वाद कुठेही घडलेला असो. हे घटनेला धरून आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये नॉरफोक सदर्न रेल्वेच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. म्हणजे टेक्सासमधल्या मशीनवरून झालेला वादही तिथे येऊ शकेल. थोरल्यांचं म्हणणं, साठा एडिसनलाच ठेवू आणि टेक्निशियन गाडीने जाईल, अंतर फार नाही. नुसत्या सर्व्हिसच्या फेऱ्यांनी तिथे धंदा मांडल्यासारखं होतं का, हे वकिलाला विचारलं आहे. त्याचं लेखी उत्तर येईपर्यंत डेपोच्या भाडेकरारावर सही करायची नाही, असं दोघा भावांनी ठरवलं आहे.